पट्टा सोडण्याआधी टायमिंगच्या खुणा

स्कोडाची ऑक्टाव्हिया 2001 पासून आपल्या औरंगाबादजवळच्या शेंद्र्यात जुळायला लागली. तिचीच पळणारी बहीण म्हणजे 2004 ची आरएस: 1.8 टर्बो, दीडशे घोडे, वीस व्हॉल्व्ह. टायमिंग बेल्ट म्हणजे क्रँक (पिस्टननं फिरणारा मुख्य दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) ह्यांचा मेळ राखणारा दात्यांचा पट्टा. ह्या इंजिनात हा बेल्ट तुटला किंवा कॅम बराच सरकला, तर पिस्टन उघड्या व्हॉल्व्हला भिडतो आणि मग हेड उतरवण्यावाचून गत्यंतर नाही. म्हणून ही तयारी बेल्ट बदलण्याची कमी आणि टायमिंग तपासण्याची जास्त आहे.

सामान आधी सगळं घरात येऊ द्या, मगच पाना लावा. बेल्ट एकटा आणू नका. टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा), रोलर आणि वॉटर बॉडी, म्हणजे कूलंट फिरवणारा पंप, हेही आणा. वॉटर बॉडी ह्याच बेल्टवर फिरते. ती सहा महिन्यांनी गळायला लागली तर सगळं पुन्हा खोलावं लागेल. मोंढ्याच्या बाजारात जाऊन नुसतं ‘ऑक्टाव्हियाचा बेल्ट द्या’ म्हणाल तर डिझेलचा हातात पडायचा. सर्व्हिस बुकातल्या स्टिकरवरचा इंजिन कोड सांगा आणि घरी आल्यावर जुन्या-नव्या बेल्टचे दात मोजून बघा. कूलंटसोबत डिस्टिल्ड वॉटरचे कॅन घ्या. आपल्या बोअरचं पाणी बादलीवर पांढरी पुटं चढवतं, ते रेडिएटरला पाजू नका.

हत्यारांत गोटी पान्यांचा सेट, एलन की, टॉर्क रेंच, जॅक, गाडी टेकवायला दोन भक्कम घोड्या, चेंबरखाली (इंजिनाच्या तळच्या तेलाच्या भांड्याखाली) द्यायला लाकडी ठोकळा आणि चार्ज केलेला टॉर्च हवा. लाइटचा भरवसा आपल्याकडं कुणी द्यावा! ठोकळा विसरू नका, कारण बेल्ट काढायला उजव्या बाजूचं फाउंडेशन (इंजिन ज्यावर टेकतं तो माउंट) सोडावं लागतं आणि तेवढा वेळ इंजिनाचा भार जॅकवर असतो. टेन्शनर हायड्रॉलिक आहे. तो दाबायला एम-5 चा लांब स्टड, नट, वॉशर आणि दाबल्यावर अडकवायला एक बारीक पिन लागते. नट सावकाश फिरवा. घाई केली तर आतलं सील जातं. सगळ्या बोल्टांचे टॉर्कचे आकडे तुमच्या इंजिन कोडच्या मॅन्युअलमधून कागदावर उतरवून भिंतीला चिकटवा. तेलकट हातानं मोबाइल चाळत बसणं मी एकदा केलंय, परत नाही.

एप्रिल-मेमध्ये दुपारी हे काम काढू नका. चाळीसच्या वर पारा असताना इंजिन थंड व्हायचं नावच घेत नाही आणि खुणा तर थंड इंजिनवरच तपासायच्या असतात. गाडी आदल्या संध्याकाळी लावून ठेवा आणि पहाटे सुरुवात करा.

आता मुख्य गोष्ट, डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं मापक. ते स्वतःचं नसेल तर वाळूजच्या किंवा चिकलठाण्याच्या एखाद्या टूलरूममधून दिवसभरासाठी मागून आणा; ओळख असली तर चहावर मिळतं. ते का लागतं, ते सांगतो. मी गाडी सेकंडहँड घेतली. कव्हर काढलं तर कॅमच्या पुलीवर एक पांढरी खूण, एक पिवळी. आधीच्या मिस्तरीनं कुठल्या खुणेवर बेल्ट चढवला होता, देव जाणे. शेजारचा पोरगा म्हणाला, “भाऊ, हाय तसंच बसवा ना, गाडी तर चालू लागली!” गाडी चालत होती हे खरंच, पण खालच्या आरपीएमला मेंगळट. जुनं होतं तसंच बसवलं असतं तर ती चूकही नव्या बेल्टवर तशीच बसली असती. कॅमच्या पुलीला 40 दात धरले, तर एक दात म्हणजे कॅमचे 9 अंश आणि क्रँकचे 18.

म्हणून रंगाच्या खुणांवर जाऊ नका. क्रँकच्या डँपरवरची (टोकाच्या रबर बसवलेल्या पुलीवरची) कारखान्याची खूणही डोळे झाकून मानू नका, कारण मधलं रबर जुनं झालं की बाहेरची रिंग सरकू शकते. बॅटरी सोडा, गाडी न्यूट्रलला टाका, चारही प्लग काढा. एक नंबरच्या प्लगच्या भोकातून पिस्टनवर टेकेल अशी सरळ काठी गेजखाली लावा. काठी लाकडी किंवा अ‍ॅल्युमिनियमची हवी. ज्वारीचं धांडं नको, ते आत मोडलं तर हसं होईल. वरच्या टोकाला पिस्टन काही अंश जवळपास हलतच नाही, त्यामुळे नुसत्या नजरेनं टीडीसी, म्हणजे पिस्टनचं अगदी वरचं टोक, सापडत नाही. क्रँकच्या बोल्टवर पाना लावून इंजिन चालताना फिरतं त्याच दिशेनं फिरवा. पिस्टन टोकाच्या 1 मिलिमीटर खाली असताना क्रँकच्या पुलीवर एक रेघ, टोक ओलांडून पुन्हा 1 मिलिमीटर खाली आला की दुसरी. दोन्ही रेघांचा मध्य म्हणजे खरा टीडीसी. कॅमच्या बोल्टवर जोर लावून इंजिन फिरवायचं नाही.

कॅमच्या एका फेऱ्यात क्रँकचे दोन होतात, त्यामुळे टीडीसी दोनदा येतो. कॅमच्या पुलीची खूण व्हॉल्व्ह कव्हरच्या खुणेशी जुळते तोच आपला. इथपर्यंत सगळं जुळलं की फोटो काढा, मग बेल्ट सोडा. बेल्ट फक्त एक्झॉस्टचा कॅम फिरवतो. इंटेकचा कॅम दुसऱ्या टोकाच्या छोट्या चेनवर आहे. तिथे आधी कुणी हात घातल्याचा संशय असेल, तर व्हॉल्व्ह कव्हर काढून दोन्ही कॅमच्या खुणांमध्ये चेनचे 16 रोलर येतात का, ते मोजा. ही चेन चुकली असेल तर पुढच्या खुणा कितीही जुळोत, उपयोग नाही.

नवा बेल्ट चढवून टेन्शनरची पिन काढली की क्रँक हातानं दोन पूर्ण फेरे फिरवा आणि खुणा पुन्हा बघा. मध्येच कुठे अडकलं तर जोर लावू नका; थांबा, मागे या, शोधा. माझा पहिल्या खेपेला एक दात चुकलाच होता, टेन्शनर ओढताना. दुसऱ्या खेपेला जुळलं, तेव्हाच कव्हर लावलं आणि त्यावर मार्करनं तारीख आणि किलोमीटर लिहिले.