परराष्ट्र धोरण सुरक्षेकडून व्यापाराकडे वळवताना या चुका टाळा

‘सीमेचं खूप झालं, आता धंद्याचं बघा,’ असं बडोद्यातल्या गप्पांत हमखास ऐकू येतं. मागणी रास्त आहे. पण सुरक्षा आणि अर्थकारण यांचे वेगळे कप्पे धरले की तिथेच पहिली चूक होते. 28 ऑक्टोबर 2024 ला आपल्याच शहरात नरेंद्र मोदी आणि स्पेनचे पंतप्रधान पेद्रो सांचेझ यांनी सी-295 या लष्करी मालवाहू विमानांच्या कारखान्याचं उद्घाटन केलं. 56 पैकी 40 विमानं इथे बनायची आहेत. गरज हवाई दलाची, आणि काम मिळणार इथल्या कारागिरांना. हे वेगळं कसं काढणार?

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे व्यापार वाढला की वैर निवळेल, असं धरून चालणं. जर्मनी आयातीतला सुमारे निम्मा गॅस रशियाकडून घेत होती. 2022 मध्ये युक्रेनवर हल्ला झाला आणि त्याच वर्षी पाइपलाइन बंद पडली. आपणही पाकिस्तानला 1996 मध्ये व्यापारात ‘सर्वाधिक पसंतीचा देश’ हा दर्जा दिला होता. पुलवामानंतर, फेब्रुवारी 2019 मध्ये तो काढला आणि तिथल्या मालावर 200 टक्के सीमाशुल्क लावलं. राजकीय तोडगा नसला की व्यापार असाच एका दिवसात कोलमडतो. चीनच्या बाबतीत तर मला जास्त काळजी वाटते. गलवाननंतरही आयात वाढतच गेली आणि औषधांच्या कच्च्या मालासाठी आपण अजून त्यांच्यावरच अवलंबून आहोत. 1907 पासून औषधं बनवणाऱ्या या शहराला यातला धोका समजावून सांगायला नको. म्हणून वाटाघाटींना बसण्याआधीच एकेका मालाचा दुसरा पुरवठादार शोधून ठेवायला हवा.

शेजाऱ्यांशी नुसता नफ्याचा हिशेब मांडू नये, नाहीतर आपली जागा दुसरा घेतो. श्रीलंकेतलं हंबनटोटा बंदर 2017 मध्ये 99 वर्षांसाठी चिनी कंपनीकडे गेलं, ते आपल्या दारात.

आणि सही झाली म्हणजे काम संपलं, असं तर मुळीच समजू नये. संयुक्त अरब अमिरातीशी केलेला, सीमाशुल्कात सवलत देणारा व्यापार करार 1 मे 2022 पासून लागू आहे. पण मकरपुरा जीआयडीसी या इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या कारखानदाराने मालासोबत सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन (माल भारतातच बनल्याचा दाखला) जोडलं नाही किंवा एचएस कोड (सीमाशुल्कासाठीचा मालाचा वर्गीकरण क्रमांक) चुकवला, तर दुबईतल्या खरेदीदाराला नेहमीचं 5 टक्के शुल्क भरावंच लागतं. मग तो पुढची ऑर्डर दुसरीकडे देतो. सरकारने या सर्टिफिकेटचा अर्ज कसा भरायचा ते औद्योगिक वसाहतीत येऊन, गुजराती-हिंदीत शिकवावं.