जेवणानंतरचा व्यायाम आणि मधुमेहींच्या रक्तातील चरबी: सुरुवात कशी करावी

मधुमेह असलेली पुष्कळ माणसे जेवणानंतरची साखर नेमाने तपासतात, पण त्याच जेवणातून रक्तात येणाऱ्या चरबीकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. साखर साधारणपणे एक-दीड तासात सर्वाधिक होते, तर ट्रायग्लिसराइड ही चरबी तीन-चार तासांनी आणि कधी त्याहूनही उशिरा. टाइप 2 मधुमेहात इन्शुलिनचा प्रभाव कमी पडत असल्यामुळे यकृत जेवणानंतरही स्वतःकडची चरबी रक्तात सोडत राहते आणि चरबीचे कण फोडणारे लायपोप्रोटीन लायपेज हे विकर (एन्झाइम) मंदावते. परिणामी पुढच्या जेवणाची वेळ झाली तरी आधीच्या जेवणातील चरबी रक्तातच असते, आणि अर्धवट फुटलेले कण रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साचू लागतात. उपाशीपोटीच्या तपासणीत हे सारे दिसेलच असे नाही.

व्यायाम सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी औषधे घेणाऱ्यांची साखर व्यायामाने एकदम खाली जाऊ शकते, तर डोळ्यांच्या पडद्याचा गंभीर विकार असलेल्यांनी जोर लावून वजन उचलणे टाळायचे असते. पायांची संवेदना कमी झाली असेल, तर मापाचे बंद बूट घालावेत आणि परतल्यावर तळवे नीट पाहावेत.

पहिले काही दिवस चालण्यापासून सुरुवात करावी. दिवसातील सर्वांत मोठ्या जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने चालावे आणि हा वेळ हळूहळू अर्ध्या तासापर्यंत न्यावा. जेवण जड झाले असेल, तर थोडे थांबून निघावे. साखरेवर या चालण्याचा परिणाम त्याच वेळी दिसतो. चरबीचे मात्र तसे नाही, आणि येथेच अनेकजण निराश होतात. व्यायामानंतर स्नायूंमधील लायपेजचे काम वाढायला काही तास लागतात, म्हणून आज संध्याकाळी पुरेसा वेळ केलेल्या व्यायामाचा फायदा उद्याच्या जेवणानंतरही मिळू शकतो. हा परिणाम एक-दोन दिवसांत ओसरतो. म्हणूनच सलग दोन दिवसांहून अधिक खंड पडू न देणे आणि आठवड्याला किमान 150 मिनिटे भरणे, हे जेवणानंतरचे नेमके मिनिट साधण्यापेक्षा मला अधिक महत्त्वाचे वाटते.

चालण्याची सवय जडली की आठवड्यातून दोन-तीनदा ताकदीचे व्यायाम जोडावेत: खुर्चीवरून उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून दंड काढणे, रबरी पट्टा ओढणे. अमेरिकेतील मिसूरी विद्यापीठात 2015 साली टाइप 2 मधुमेहाच्या 13 रुग्णांवर झालेल्या अभ्यासात रात्रीच्या जेवणाआधी केलेल्या अशा व्यायामाने केवळ साखर उतरली, तर जेवणानंतर केलेल्या व्यायामाने साखर आणि ट्रायग्लिसराइड दोन्ही. अभ्यास लहान होता, त्यामुळे त्यावरून कडक नियम करू नये. पण ज्यांना वेळ निवडता येते, त्यांनी जेवणानंतरची वेळ निवडून पाहायला हरकत नाही.

साखर खाली आणणारी औषधे घेणाऱ्यांनी व्यायामाआधी ग्लुकोमीटरवर साखर पाहावी. ती 90 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असल्यास आधी थोडे पिष्टमय खावे आणि 70 च्या खाली असल्यास व्यायाम न करता लगेच ग्लुकोज किंवा साखर घ्यावी. घाम, थरथर किंवा गोंधळल्यासारखे वाटले तर थांबून साखर तपासावी. छातीत दुखणे किंवा नेहमीपेक्षा जास्त दम लागणे दिसल्यास व्यायाम तिथेच सोडून वैद्यकीय मदत घ्यावी.

तीन महिन्यांनी रक्तातील चरबीची (लिपिड) तपासणी करून आधीच्या अहवालाशी ताडून पाहावी. उपाशीपोटी ट्रायग्लिसराइड 150 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या आत असणे चांगले. ते 500 च्या वर असतील, तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असल्यामुळे केवळ व्यायामावर विसंबू नये, औषधांबाबत डॉक्टरांना लगेच विचारावे. चरबीसाठी आधीच गोळ्या चालू असतील, तर अहवाल सुधारला म्हणून त्या स्वतःहून बंद करू नयेत.