घशातली साधी (कर्करोगाची नसलेली) गाठ तोंडावाटे रोबोटने काढताना: तपासण्यांपासून चौदाव्या दिवसापर्यंत

आधी घरच्या घरी एक चाचणी करा. तोंड पूर्ण उघडून आपलीच तीन बोटं वरच्या-खालच्या दातांमध्ये उभी घालून पाहा. दोनच जात असतील, तर पहिल्याच भेटीत सर्जनना सांगा. या शस्त्रक्रियेत बाहेरून काप नसतो. कॅमेरा आणि दोन हत्यारं, तिन्ही तोंडातूनच आत जातात. गुटखा-सुपारीने तोंड आखडलं असेल तर यंत्र कितीही चांगलं असो, त्याला जागाच मिळत नाही. आपल्याकडे ही अडचण नेहमीची, म्हणून सवय लपवू नका. हलणारे दात, मान मागे न जाणं हेही सांगा.

गाठ कुठली, हे त्याहून महत्त्वाचं. जिभेच्या मुळाशी वाढलेला टॉन्सिल किंवा तिथली सिस्ट (द्रव भरलेली पिशवीसारखी गाठ) यांना रोबोट छान लागू पडतो, कारण तिरका कॅमेरा जिभेच्या मागचा कोपरा दाखवतो. स्वरतंतूवरच्या छोट्या पॉलिपला (मऊ वाढीला) मात्र तो लागत नाही; दुर्बिणीखालची नेहमीची शस्त्रक्रिया पुरते. जिभेच्या मुळाशी लालसर, गोल गाठ असेल तर आधी थायरॉइडचा, म्हणजे मानेतल्या ग्रंथीचा, स्कॅन करून घ्या. कधीकधी ती जागा सोडून तिथेच राहिलेली थायरॉइड असते, आणि बऱ्याच जणांत शरीरातली तेवढीच. ती काढली तर आयुष्यभर थायरॉइडची गोळी घ्यावी लागते.

टॉन्सिलला आत ढकलणारी खोल गाठ असेल, तर एमआरआय होईपर्यंत तोंडातून तपासणीसाठी तुकडा काढू देऊ नका. शेजारीच मेंदूकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी असते. शिवाय काही गाठींचं आवरण फुटलं की पेशी सांडतात आणि गाठ काही वर्षांनी परत येते.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची यादी लिहून न्या. त्या मनाने बंद करू नका. हृदयात स्टेंट असेल तर तेच जिवावर बेतू शकतं. शस्त्रक्रियेआधी सहसा सहा तास अन्न आणि दोन तास पाणी बंद असतं.

रोबोट स्वतःहून काहीच करत नाही. सर्जन कन्सोलवरून, म्हणजे नियंत्रणाच्या टेबलावरून, रोबोटचे हात चालवतात, डोक्याशी बसलेला सहायक धूर आणि रक्त ओढून घेतो. बहुतेक यंत्रांत सर्जनच्या हाताला स्पर्श कळत नाही, सगळं नजरेवर चालतं. शस्त्रक्रियेत जागा मिळावी म्हणून जिभेवर दाबून ठेवलेल्या पट्टीमुळे काही दिवस, कधी काही आठवडे, जीभ बधिर राहते आणि चव बदलते.

घरी आल्यावर गार दूध, पेज, मऊ भात, साबुदाण्याची गार खीर. भाकरी, फरसाण, गरम चहा नको. वेदनेची गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी घ्या, नाहीतर गिळणं टाळून पाणी कमी पडतं. कान दुखला तरी दोष बहुधा घशाचाच असतो, नस तीच. जखमेवरचा पिवळट-पांढरा थर म्हणजे पू नव्हे. तो खरवडू नका.

हा थर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात सुटतो आणि रक्तस्रावाचा धोका तेव्हाच वाढतो. घसा बरा वाटू लागलेला असतो, माणूस गावी निघतो, इथेच चूक होते. हे दोन आठवडे ईएनटी (कान-नाक-घसा) विभाग असलेल्या रुग्णालयाच्या जवळच राहा. लाल रक्त आलं तर पुढे वाकून बसा, रक्त गिळू नका, थुंका, पाठीवर झोपू नका आणि लगेच निघा. आपोआप थांबलं तरी जा; मोठ्या रक्तस्रावाआधी असा लहानसा येऊ शकतो.