लाडकी बहीणच्या पैशातून बकरी घ्यायची असंल तर

लाडकी बहीणचे महिन्याचे 1500 रुपये जुलै 2024 पासून लागू झाले. आमच्या घरी त्याच्या आदल्या वर्षीच कपाशी गेली, त्यात बाबाच्या पायाचं ऑपरेशन, बैलजोडी विकून मोकळे झालो होतो, तर मायनं ठरवलं का हे पैसे किराण्यात जाऊ द्यायचे नाय. नागपूर जिल्ह्यातल्या कुही-उमरेडकडच्या कोणाच्या कामात येईल म्हणून लिहून ठेवतो.

पयले खातं. डीबीटी, म्हणजे सरकारचे थेट येणारे पैसे, आधारवरून ज्या खात्याला जोडले आहे तिथंच पडतात, आमचे पडून होते जुन्या जनधनमध्ये आन आम्ही दुसऱ्याच बँकेत चकरा मारून रायलो होतो. 'आधारचे पैसे कोणत्या खात्यात जातात' असंच विचारा. पासबुक बाईजवळच पाहिजे. घरात थोडं भांडण होते, होऊ द्या.

सहा हप्ते झाले का 9000. तेवढ्यात दोन मरतुकड्या घेऊ नका, एकच धड घ्या. तोंड उघडून दात पाहा, त्यावरून वय समजते, दोन दाती नायतर चार दाती, कास चाचपून पाहा, गाठ नको. बेरारी जात आपल्याकडचीच आहे, ती पाहा. गाभण आहे म्हणून जास्त मागतात, तर जनावराच्या दवाखान्यातल्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय वरचे पैसे देऊ नका. घरी आणल्यावर दोन-तीन आठवडे शेजारच्या बकऱ्यांत सोडू नका.

खायला तुरीचं कुटार, बाभळीच्या शेंगा, व्यायच्या महिनाभर आधीपासून मूठभर ढेप (पेंड). मे महिन्यात टिनाखाली बकरी भाजून निघते म्हणून टिनावर तणस नायतर पऱ्हाटी टाका.

आमची चूक लसीत झाली. जानेवारीत घेतली, एप्रिलात व्याली, एक पाठ (मादी पिल्लू) एक बोकड, सगळे खुश, आन आंत्रविषारची (आतड्यात विष होते तो रोग) लस पावसाच्या आधी द्यायची असते हे कोणाच्या ध्यानातच नाय. पहिल्या पावसाच्या कोवळ्या गवतावर तुटून पडली, रात्री हागवण लागली, सकाळी खलास. माय दोन दिवस जेवली नाय. पिल्लं वाचली कारण ती कोठ्यातच होती. म्हणून मे महिन्यातच लस घ्या, पीपीआरचीपण (बकऱ्यांचा साथीचा रोग) विचारा, जंताच्या औषधाचंपण विचारा. अडचण आली तर जनावराच्या डॉक्टरसाठी 1962 वर फोन करा.

आन बोकड घाईत विकू नका. कुर्बानीला वर्ष पूर्ण झालेला लागते, म्हणून बकरी ईदच्या आधी भाव चढते. व्यापारी दारात येऊन पाठीवर हात फिरवून अंदाजानं भाव सांगते, त्याला म्हणा थांब भाऊ, काटा आणतो.