पवित्र शास्त्र वाचताना या चुका टाळा

अभ्यासगटांमध्ये बरीच वर्षे बसल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, पवित्र शास्त्राविषयीचे, म्हणजे बायबलविषयीचे, गैरसमज अवघड वचनांपेक्षा पाठ असलेल्या वचनांमुळेच जास्त होतात. कारण जे वचन पाठ आहे, त्याचा अध्याय उघडून पाहावा असे कोणालाच वाटत नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे बोलणारा कोण हे न पाहणे, आणि ती मी स्वतः केलेली आहे. मुलगा गमावलेल्या एका कुटुंबाच्या सांत्वनासाठी बोलायचे होते आणि तयारीला वेळ नव्हता, म्हणून मी ईयोब 8:7, म्हणजे ईयोबाच्या पुस्तकातल्या आठव्या अध्यायाचे सातवे वचन, घेतले. आरंभ अल्प असला तरी शेवटी मोठी भरभराट होईल, अशा अर्थाचे ते वचन आहे. मी बोलत असतानाच मुलाच्या आईने मांडीवरचे शास्त्र उघडले आणि तिचे बोट तीन वचने वर जाऊन थांबले. तिथे तोच वक्ता, ईयोबाचा मित्र शूही बिल्दद, मुले गमावलेल्या ईयोबाला सांगतो की, तुझ्या मुलांनी पाप केले असेल म्हणून देवाने त्यांना त्यांच्या अपराधाच्या हवाली केले. ती काही बोलली नाही. तिने शास्त्र मिटून बाजूला ठेवले. ज्या मित्रांविषयी 42:7 मध्ये देव म्हणतो की ते माझ्याविषयी यथार्थ बोलले नाहीत, त्यांच्यापैकी एकाचे वाक्य मी देवाचे अभिवचन म्हणून त्या घरात नेले होते. तेव्हापासून ईयोबाच्या पुस्तकातले काहीही घेण्यापूर्वी ‘मग अमुक म्हणाला’ ही ओळ सापडेपर्यंत मी मागे जातो आणि समासात पेन्सिलीने त्याचे नाव लिहितो.

दुसरी चूक पत्राचा पत्ता न वाचण्याची. यिर्मया 29:11 मधले ‘तुमच्या हिताचे संकल्प’ नोकरी, परीक्षा, विवाह अशा सगळ्यांना लावले जातात. मुळात हे यिर्मया संदेष्ट्याने यरुशलेमेहून, बाबेलात बंदिवान करून नेलेल्या यहूद्यांना पाठवलेले पत्र आहे. घरे बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्ने करा, ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा, असे त्यात आधी सांगितले आहे, आणि दहाव्या वचनात सुटकेची मुदत 70 वर्षे दिली आहे. आदल्याच अध्यायात हनन्या दोन वर्षांत सगळे परत येईल असे सांगून लोकांना खूश करत होता, आणि तो खोटा संदेष्टा ठरला. पत्र ऐकणाऱ्या प्रौढांपैकी बहुतेकांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. शिवाय आपल्या भाषांतरात देव एकट्या माणसाशी ‘तू’ म्हणून बोलतो, त्यामुळे इथला ‘तुम्ही’ आदरार्थी नसून अनेकांना उद्देशून आहे, हे तर मराठी वाचकाला पहिल्याच वाचनात दिसायला हवे. घाईच्या वाचकाला अकरावे वचन हवे असते आणि दहावे नको असते. हनन्याला श्रोते मिळाले ते याच स्वभावामुळे.

‘जो मला सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्व काही करू शकतो’ या अर्थाच्या फिलिप्पैकरांस 4:13 मधले सामर्थ्य स्पर्धा जिंकण्याचे नाही. हे पत्र लिहिणारा, बेड्यांत असलेला प्रेषित पौल त्याच्या आधीच्या दोन वचनांत तृप्त असणे आणि भुकेले असणे या दोन्हींची सवय झाल्याचे सांगतो. मत्तय 18:20 मधले येशूच्या नावाने जमलेले ‘दोघे किंवा तिघे’ कमी उपस्थितीच्या सभेचे समाधान करण्यासाठी नाहीत. पंधराव्या वचनापासून अपराधी बंधूला कसे वागवावे हा विषय चालू आहे. मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको असे सांगणारे नीतिसूत्रे 26:4 एकटे वाचू नये, कारण लगेचचे पाचवे वचन नेमके उलट सांगते. डोळे मिटून शास्त्र उघडायचे आणि बोट पडेल ते आजचे मार्गदर्शन मानायचे, या प्रकाराला मी वाचन म्हणत नाही.

अध्यायांच्या सीमांवर विश्वास ठेवणे हीदेखील चूकच आहे. आज वापरात असलेली अध्यायांची विभागणी 13व्या शतकातली आहे आणि नव्या करारातले वचनांचे आकडे 1551 सालचे. मूळ लेखकांनी यांपैकी काहीच घातलेले नाही. लूकच्या शुभवर्तमानातल्या 20व्या अध्यायाच्या शेवटी येशू विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांविषयी, म्हणजे नियमशास्त्र शिकवणाऱ्यांविषयी, सावध करतो. तिथे अध्याय संपतो, आपण पुस्तक मिटतो, आणि पुढच्या वेळी 21व्या अध्यायापासून दानाचा धडा म्हणून वाचायला लागतो. मी मात्र ही पाने आकड्यांवर कागदाची पट्टी ठेवून सलग वाचतो. तशी वाचली की विधवांची घरे गिळणाऱ्यांचा उल्लेख संपताच एक दरिद्री विधवा आपली सगळी उपजीविका, दोन टोल्या (अगदी कमी किमतीची नाणी), मंदिराच्या भांडारात टाकताना दिसते, आणि लगेच येशू त्याच मंदिराविषयी म्हणतो की इथे चिऱ्यावर चिरा राहणार नाही.