बटरफ्लाय मिल्कवीड बियांपासून वाढवताना

इलिनॉयमधल्या माझ्या अंगणाच्या दक्षिण कडेला दर ऑगस्टमध्ये हिरवळ करपायची. आता तिथे बटरफ्लाय मिल्कवीडची अकरा झाडं आहेत. दीड-दोन फूट उंची, जूनपासून ऑगस्टपर्यंत नारिंगी फुलांचे झुबके, आणि पाण्याची नळी मी तिकडे नेतच नाही. हे इथल्या प्रेअरीचं, म्हणजे मूळच्या गवताळ रानाचं झाड. आपल्या रुईच्या कुळातलं आणि हळदीकुंकू नावाच्या फुलझाडाचं जवळचं भावंड. मात्र याला पांढरा चीक नसतो. देठ मोडल्यावर दूध आलं तर रोपवाटिकेने तुम्हाला दुसरंच काहीतरी, बहुधा हळदीकुंकूच, दिलंय. ते इथल्या हिवाळ्यात मरतं.

जागा: निदान सहा तास थेट ऊन आणि पाणी निथळणारी माती. चिकणमाती असेल तर सहा-आठ इंचांचा उंचवटा करून त्यावर लावा. खत नको, कंपोस्टही नको. झाड माजतं आणि आडवं पडतं.

बी: पाकिटावर ॲस्क्लेपियस ट्यूबरोसा हे नाव पाहूनच घ्या. ओळखीच्यांकडे झाड असेल तर शेंगा तपकिरी होऊन शिवणीवर दाबताच उकलायला लागल्या की काढा. दोन दिवस उशीर झाला तर सगळ्या म्हाताऱ्या उडून जातात.

आता मुख्य काम: बियांना थंडी देणं.

“कुठेही टाका, आपोआप उगवतं” असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. मी ठेवला होता. पहिल्या वर्षी मार्चमध्ये ५० बिया सरळ कुंड्यांत पेरल्या, ३ उगवल्या. दुसऱ्या वर्षी कुणीतरी सांगितलं म्हणून बंद पाकीटच महिनाभर फ्रीजमध्ये ठेवलं. ४ उगवल्या. कोरड्या थंडीत बी फक्त टिकून राहतं. त्याची झोप मोडायला थंडी आणि ओल दोन्ही एकाच वेळी लागतात, जशी बर्फाखालच्या जमिनीत मिळतात. तिसऱ्या वर्षी ओल्या टिशूत गुंडाळून ठेवलं, तर दोन आठवड्यांत सगळ्यावर करडी बुरशी. त्या दिवशी मी खरंच रडवेली झाले होते.

चौथ्या वर्षी वाळू वापरली आणि तेव्हापासून तीच. एक भाग बी, चार भाग धुतलेली जाडसर वाळू. पाणी थोडं थोडं शिंपडत कालवा आणि मूठ आवळून बघा. लाडू वळला गेला पाहिजे, पण बोटांच्या फटीतून एक थेंबही पडता कामा नये. थेंब पडला तर कोरडी वाळू घाला, “चालेल” म्हणून सोडून देऊ नका. बुरशी नेमकी तिथेच धरते. हे मिश्रण झिपच्या पिशवीत भरा, वर तारीख लिहा आणि फ्रीजच्या खालच्या खणात, साधारण ४ अंश सेल्सियसला ठेवा. फ्रीझरमध्ये नको. ३० दिवस तरी हवेतच. मी ४५ देते. आठवड्यातून एकदा पिशवी उघडून हुंगा. पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास असेल तर सगळं ठीक. आंबूस आला तर बी धुऊन नव्या वाळूत घाला. पांढरं मूळ डोकावलेलं दिसलं तर त्याच दिवशी पेरा.

शिकागोच्या आसपास मेच्या मध्यापर्यंत दव गोठू शकतं, म्हणून मी फेब्रुवारीच्या मध्याला पिशवी फ्रीजमध्ये टाकते. हा खटाटोप नको असेल तर नोव्हेंबरात बाहेरच पेरा, हिवाळा आपलं काम करतो. थोडं बी जास्त टाका, पक्षीही खातात.

पेरणी: पाव इंच खोल, उबदार उजेडात. एक ते तीन आठवड्यांत कोंब येतात.

कुंडी मात्र खोलच घ्या. या झाडाला सोटमूळ असतं आणि उथळ ट्रेमध्ये ते गोल गोल वळतं. मेच्या मध्यानंतर दीड फूट अंतरावर एकदाच लावा. नंतर जागा बदलायची नाही. मोठं झाड उपटलं की सोटमूळ तुटतं आणि झाड सहसा जगत नाही.

पहिला उन्हाळा आठवड्यातून एकदा पाणी, पुढे बंद. फुलं दुसऱ्या, कधी तिसऱ्या वर्षी येतात. धीर धरा.

प्रत्येक झाडाजवळ काठी रोवून ठेवा. वसंतात बाकी सगळं हिरवं झालं तरी हे मेच्या उत्तरार्धापर्यंत वर येत नाही. मेलं समजून मी माझं एक चांगलं झाड कुदळीने तोडलंय.

पिवळा मावा पडतोच. पाण्याचा जोरदार फवारा मारा, पण आधी पानं उलटून मोनार्क फुलपाखराची अंडी किंवा अळ्या नाहीत ना ते बघा. कीटकनाशक अजिबात नको, कारण मोनार्कच्या अळ्या मिल्कवीडखेरीज काही खात नाहीत. काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची अळी दिसली तर तिला पानं खाऊ द्या. दोनेक आठवड्यांत ती कोषात जाते आणि झाडाला पुन्हा पालवी फुटते.