जुनी गाडी विकल्यापासून नवी येईपर्यंत: विम्याची तयारी

जुनी मोटार विकून काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी नवी घेणार असलेल्याने खरेदीदार शोधण्याआधी आपल्या विमा पॉलिसीचे पहिले पान काढावे आणि त्यावर नो क्लेम बोनस (एनसीबी) किती टक्के लिहिला आहे ते पाहावे. सलग एक वर्ष दावा केला नसेल तर २० टक्के, दोन वर्षांनी २५, तीन वर्षांनी ३५, चार वर्षांनी ४५ आणि पाच वर्षांनी ५० टक्के अशी ही सूट चढत जाते. ती ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या हप्त्यावर मिळते; थर्ड पार्टीच्या, म्हणजे आपल्या गाडीमुळे इतरांच्या होणाऱ्या नुकसानीच्या विम्याच्या हप्त्यावर मिळत नाही. हा बोनस गाडीचा नसून विमाधारकाचा असतो, त्यामुळे गाडी दुसऱ्याची झाली तरी तो आपल्याकडे राहतो. मात्र त्यासाठी विमा कंपनीकडून तसे पत्र लेखी घ्यावे लागते. मागच्या वेळी मी हेच पत्र घेतले नव्हते आणि नव्या गाडीचा ओन डॅमेजचा हप्ता पूर्ण भरला. म्हणून या यादीतले बाकी काही राहिले तरी चालेल, पण एनसीबीचे पत्र राहता कामा नये.

नुकसान किती होते हे एकदा कागदावर मांडून पाहावे. नव्या गाडीचा ओन डॅमेजचा मूळ हप्ता १६,००० रुपये आहे आणि पुढील वर्षांतही तेवढाच राहतो असे धरले, तर ५० टक्के बोनस असलेल्याला दर वर्षी ८,००० रुपये भरावे लागतात. पत्र नसलेल्याला शून्यापासून सुरुवात करून ५० टक्क्यांपर्यंत पुन्हा चढावे लागते आणि त्या पाच वर्षांत मिळून सुमारे २०,००० रुपये जास्त जातात, तेही एकही दावा न करता.

विक्री ठरेपर्यंत दोन पथ्ये पाळावीत. पहिले म्हणजे गाडी चांगली दिसावी म्हणून बंपरच्या ओरखड्यासाठी किंवा दरवाज्याच्या पोच्यासाठी दावा करू नये, कारण त्या एका छोट्या दाव्याने अनेक वर्षांचा बोनस शून्यावर येतो; असे काम स्वतःच्या खर्चाने करून घेणे स्वस्त पडते. दुसरे म्हणजे गाडी विकायचीच आहे म्हणून पॉलिसी संपू देऊ नये. मुदत संपून नव्वद दिवसांत नूतनीकरण झाले नाही तर त्या गाडीवरचा बोनस जातो, शिवाय थर्ड पार्टी विम्याविना सार्वजनिक ठिकाणी गाडी वापरणे हा मोटार वाहन कायद्याखाली गुन्हा आहे. खरेदीदाराला ट्रायलसाठी चावी देतानाही पॉलिसी चालू असली पाहिजे, हे विसरू नये.

व्यवहाराच्या दिवशीची कागदपत्रे बहुतेकांना माहीत असतात: आरसी, पीयूसी, कर्ज असल्यास बँकेचे एनओसी आणि फॉर्म ३५, मालकी बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०. त्यांबद्दल वेगळे लिहीत नाही. जे सांगायचे आहे ते झेरॉक्सबद्दल. सह्या झालेला फॉर्म २९, फॉर्म ३०, जुनी आरसी, चालू पॉलिसी आणि गाडी ताब्यात दिल्याची, तारीख व वेळ लिहिलेली, खरेदीदाराची सही असलेली पावती या सर्वांच्या प्रती कागद हातातून जाण्यापूर्वी काढून ठेवाव्यात. विमा कंपनी एनसीबीचे पत्र देताना गाडी विकल्याचा पुरावा मागते आणि हाच तो पुरावा असतो. गाडी, मूळ कागद आणि खरेदीदार तिन्ही परगावी गेल्यानंतर सह्यांची एखादी प्रत मिळवण्यासाठी एजंटाच्या मागे लागणे फार त्रासाचे होते. काही कंपन्या नव्या मालकाच्या नावाची आरसीही मागतात, म्हणून ती झाल्यावर तिचा फोटो पाठवण्याचे खरेदीदाराकडून कबूल करून घ्यावे.

पत्राचा अर्ज गाडी दिल्याच्या त्याच आठवड्यात करावा. 'नवी गाडी बुक केल्यावर बघू' असे म्हणू नये. नेमके तेव्हाच वेळ नसतो. अर्जात पॉलिसी क्रमांक, गाडीचा क्रमांक, विक्रीची तारीख आणि 'नो क्लेम बोनस राखून ठेवल्याचे पत्र द्यावे' ही स्पष्ट मागणी असावी, आणि अर्ज ईमेलने करावा म्हणजे पोच राहते. पत्र आले की त्यातले नाव, टक्के आणि मुदत तपासावी. राखून ठेवलेला बोनस साधारणपणे तीन वर्षांच्या आत नव्या पॉलिसीत वापरावा लागतो. नवी गाडी त्याच व्यक्तीच्या नावावर असली पाहिजे; वडिलांच्या गाडीचा बोनस मुलाने घेतलेल्या गाडीला मिळत नाही. दुचाकीवर जमलेला बोनस मोटारीलाही लागत नाही.

'पॉलिसीसकट गाडी घेतो' असे म्हणणाऱ्या खरेदीदाराला आधीच सांगावे की पॉलिसी त्याच्या नावावर होईल, परंतु बोनस होणार नाही आणि उरलेल्या मुदतीतील सवलतीचा फरक त्याला कंपनीकडे भरावा लागेल. हे करारात लिहून ठेवावे म्हणजे पुढे वाद होत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ प्रमाणे पॉलिसी आपल्या नावावर करून घेण्यासाठी नव्या मालकाने चौदा दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करायचा असतो. थर्ड पार्टीचे संरक्षण गाडीबरोबर आपोआप जाते, ओन डॅमेजचे जात नाही, हेही त्याला सांगणे योग्य ठरेल.

आपली पॉलिसी रद्द करून उरलेल्या हप्त्याचे पैसे परत घेण्याची घाई मात्र करू नये. आरटीओत नाव बदलेपर्यंत अपघाताची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ज्या प्रकरणात हे स्पष्ट केले, त्यात गाडी अनेक हातांतून गेली होती आणि नोंद पहिल्याच मालकाची राहिली होती. त्यामुळे आरसीवर नवे नाव दिसेपर्यंत आणि गाडीवर दुसरी पॉलिसी निघाल्याचा पुरावा मिळेपर्यंत थांबावे. गाडी अधिकृत जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला देत असाल तर गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना देणारा फॉर्म २९सी परिवहनच्या पोर्टलवर भरला गेला आहे याची स्वतः खात्री करावी. 'आम्ही करतो' एवढ्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

मधल्या काळात पॉलिसीतले १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षणही राहत नाही. किमान तेवढ्याच रकमेचा स्वतंत्र अपघात विमा असेल तर नव्या गाडीबरोबर ते पुन्हा घ्यावे लागत नाही.

नव्या गाडीच्या शोरूममध्ये सगळ्यात जास्त घाई होते, कारण विम्याशिवाय नोंदणी होत नाही आणि डिलिव्हरीचा मुहूर्त ठरलेला असतो. विम्याचे कोटेशन मागतानाच एनसीबीचे पत्र पुढे करावे. दुसऱ्या कंपनीची पॉलिसी घेतली तरी ते पत्र चालते. पत्र हातात नसेल तर ते येईपर्यंत पॉलिसी काढू देऊ नये. बोनस नंतर जोडून मिळेल असे गृहीत धरू नये. पत्राशिवाय नुसताच बोनस लिहून द्या, असे कोणी सुचवले तर नकार द्यावा. नवी कंपनी जुन्या कंपनीकडे चौकशी करते आणि माहिती खोटी निघाल्यास ओन डॅमेजचा दावा नाकारला जाऊ शकतो. नव्या मोटारीला थर्ड पार्टी तीन वर्षांची आणि ओन डॅमेज साधारणतः एक वर्षाचे असते. बोनसची सूट या दुसऱ्या रकमेतून वजा झालेली दिसली पाहिजे, ती दिसली तरच पैसे द्यावेत.

जुन्या गाडीचा फास्टॅग बंद करावा, थकलेली ई-चलाने भरावीत, आणि महिन्याभराने परिवहनच्या संकेतस्थळावर जुन्या क्रमांकापुढे कोणाचे नाव आहे ते पाहावे.